‘एफ वन’ दाबायला कोण जाणार?

सर्व्हर महापेला, माणूस ठाण्यात आणि घड्याळात रात्रीचे सव्वादोन. मधलं अंतर मिटवतं ते एक साधंसं वेबपेज. पण अंतर मिटलं म्हणून काम मिटतं का? एका जागरणाची ही गोष्ट.

ठाण्याला मावशीकडे मुक्काम होता. हॉलमध्ये गादी टाकून मी मस्त ताणून दिली होती आणि अचानक आतल्या खोलीत सायरन वाजायला लागला. अगदी अँब्युलन्सचा! मी धडपडत उठले. मावशीने मात्र कूस बदलत एवढंच म्हटलं, ‘‘झोप गं. दादाच्या सर्व्हरला ताप आला असेल.’’

मला वाटलं, झोपेत बरळतेय. पण मावशी अगदी शब्दशः खरं बोलत होती.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. एका मध्यम आकाराच्या कंपनीत सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. कंपनीचं ऑफिस महापेच्या एमआयडीसीत आणि त्याच ऑफिसच्या मागच्या बाजूला छोटीशी सर्व्हर रूम. मी खोलीत डोकावले, तर साहेब बनियनवर लॅपटॉपसमोर बसलेले. स्क्रीनवर हिरवे-पिवळे ठिपके आणि आकड्यांचे तक्ते. एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘हे बघ, इनलेट टेम्परेचर. म्हणजे सर्व्हर आत ओढतो त्या हवेचं तापमान. रोज २४ असतं. आता ३४ आहे. रूममधला एसी गेला.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय? आज पेरोलचा रन चालू आहे. सकाळी नऊला बँकेत फाइल जायला हवी. नाही गेली तर एक तारखेला कोणाच्याच खात्यात पगार नाही.’’

पगार, एक तारीख, ईएमआय... माझी झोप खाडकन उडाली. मी फ्रीलान्सर, मला कसली एक तारीख! पण पैसे वेळेवर न येणं म्हणजे काय, हे आमच्या जमातीला जरा जास्तच कळतं.

मला वाटलं, आता दादा पँट चढवणार, बाइकची किल्ली उचलणार आणि निघणार. तो उठलाच नाही. खुर्ची पुढे ओढली, व्हीपीएन जोडलं आणि म्हणाला, ‘‘चहा टाकतेस का?’’

बीएमसी, पण महापालिका नव्हे!

चहा गाळता गाळता माझी शिकवणी सुरू झाली. घरी बसून ऑफिसच्या मशीनमध्ये शिरणं आपल्याला काही नवं नाही. रिमोट डेस्कटॉप आपण सगळेच वापरतो. पण त्यात ग्यानबाची मेख अशी, की पलीकडचं मशीन चालू हवं आणि त्यातलं विंडोज किंवा लिनक्स धड हवं. मशीनच हँग झालं तर? बंदच पडलं तर? मग आतून कडी घातलेल्या घराबाहेर उभं राहून बेल दाबत बसण्यासारखं.

म्हणून सर्व्हरच्या मदरबोर्डवर आणखी एक चिमुकला कॉम्प्युटर बसवलेला असतो. त्याचं नाव बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, थोडक्यात बीएमसी. मी फिसकन हसले. बीएमसी म्हटल्यावर मुंबईकराच्या डोळ्यांसमोर सीएसएमटीसमोरची ती दगडी इमारतच येणार ना!

तर या बीएमसीचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं आणि बऱ्याचदा नेटवर्कची वायरसुद्धा वेगळी. सर्व्हरची पॉवर कॉर्ड प्लगमध्ये आहे ना? बस्स. सर्व्हर बंद असला तरी हा पठ्ठ्या जागा. टीव्ही रिमोटने बंद केल्यावर खालचा लाल ठिपका जळत राहतो, तसं स्टँडबाय करंटवर याचं काम चालतं. याला स्वतःचा आयपी ॲड्रेस असतो. ब्राउझरमध्ये तो टाइप करा, लॉगिन करा, की उघडतं दादाच्या स्क्रीनवरचं ते पान.

डेलच्या सर्व्हरमध्ये या प्रकाराला म्हणतात आयड्रॅक. एचपीईच्या सर्व्हरमध्ये आयएलओ, म्हणजे इंटिग्रेटेड लाइट्स-आउट. हे नाव मला भलतंच आवडलं. लाइट्स-आउट म्हणजे दिवे मालवलेले. ज्या खोलीत माणसाला जावंच लागत नाही, तिथे दिवा कशाला लावायचा?

पानावर काय काय?

सगळ्यात आधी तब्येत. पंखे किती वेगाने फिरतायत, आतलं-बाहेरचं तापमान किती, दोन्ही पॉवर सप्लाय जिवंत आहेत ना, कुठली डिस्क कुरकुरतेय. ॲशरे ही एसी-इंजिनीअरिंगमधली आंतरराष्ट्रीय संस्था सांगते, की सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांत असावी. ती फारच तापली, तर मशीन स्वतःला वाचवण्यासाठी आपलं आपण बंद होतं. पेरोल अर्धवट टाकून!

मग येते रोजनिशी. याला सिस्टिम इव्हेंट लॉग म्हणतात. कुठल्या मिनिटाला कुठला पंखा थांबला, कधी वीज गेली, कोणी झाकण उघडलं, सगळी नोंद. सर्व्हर मेला तरी ही नोंद राहते. विमानाचा ब्लॅक बॉक्सच म्हणा ना.

तिसरं म्हणजे पॉवरचं बटण. यात दोन प्रकार. एक सभ्य: ‘बाबा रे, फाइली मिटव आणि झोप’. दुसरा धसमुसळा: थेट वीज तोडून पुन्हा लावायची. ‘‘दुसऱ्यावर क्लिक करताना माझा हात आजही थरथरतो,’’ दादा म्हणाला. ‘‘चुकीच्या सर्व्हरचं पान उघडलेलं असलं, तर कल्याण!’’

आणि सगळ्यात सॉलिड गोष्ट म्हणजे व्हर्च्युअल कन्सोल. सर्व्हरला मॉनिटर जोडला असता तर जे दिसलं असतं, ते इथे तुमच्या ब्राउझरमध्ये दिसतं. विंडोज सुरू व्हायच्या आधीची ती काळी स्क्रीनसुद्धा! तुमचा कीबोर्ड तिथला कीबोर्ड होतो. तुमच्या लॅपटॉपमधली सीडीची फाइल तिथल्या ड्राइव्हमध्ये घातल्यासारखी चालते. अख्खं विंडोज नव्याने टाकता येतं, जागचं न हलता.

ही व्यवस्था आजची नाही. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून आयपीएमआय नावाचं स्टँडर्ड आणलं, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरशी एकाच भाषेत बोलता यावं. २००४ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. पुढे २०१५ मध्ये रेडफिश आलं, वेबच्या आजच्या पद्धतीने चालणारं. मधल्या काळात या कन्सोलसाठी जावाचं प्लगइन लागायचं. ब्राउझरवाल्यांनी २०१५ ते २०१७ च्या दरम्यान एकेक करून तसली प्लगइन्स बंद केली. तेव्हा जुन्या सर्व्हरसाठी जुना ब्राउझर ठेवलेला एक म्हातारा लॅपटॉप दादाने कपाटात जपून ठेवला होता. ‘‘आजोबांच्या कवळीसारखा,’’ मावशी आतून ओरडली. म्हणजे तीही जागीच होती!

विटाव्याचं पाणी

‘‘हे सगळं आता आलं हो,’’ मावशी बाहेर येऊन म्हणाली. ‘‘२०१९ ला असतं, तर याचं हाड मोडलं नसतं.’’

दादाने तोंड वाकडं केलं, पण गोष्ट सांगितली.

२०१९ चा जुलै. धुवांधार पाऊस. रात्री महापेची वीज गेली, यूपीएस दमला, सर्व्हर पडला. वीज आल्यावर सर्व्हर पुन्हा चालू झाला, पण अर्ध्यावरच अडकला. बीएमसी तेव्हाही होतं. पान उघडत होतं. रोजनिशीत दिसत होतं, की एक पंखा मेलाय. पण स्क्रीनवर काय आलंय, ते दिसेना. कारण? कन्सोलसाठी लायसन्स वेगळं घ्यावं लागायचं. कंपनीने लाखांचा सर्व्हर घेतला आणि नेमकं तिथे हात आखडला. ‘नाइस टू हॅव’ म्हणून ती ओळ कोटेशनमधून उडवली.

दादाने पानावरून तीनदा वीज तोडून लावली. तीनदा तिथेच अडकलं. वॉचमनला सांगावं, तर सर्व्हर रूमची किल्ली दादाच्याच खिशात. मग निघाला बाइकवरून. कळवा, विटावा. ठाणेकरांना सांगायला नकोच, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात पाणी किती भरतं ते. पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. बाइक आडवी. उजव्या खांद्याखालून कट्ट असा आवाज आला.

‘‘मग घरी आलास?’’

‘‘नाही. रिक्षा केली, महापेला गेलो.’’

सर्व्हर रूम उघडली, मॉनिटर लावला. काळ्या स्क्रीनवर एकच ओळ होती. पंखा बंद आहे, पुढे जायचं असेल तर ‘एफ वन’ दाबा.

डाव्या हाताने दाबलं. सर्व्हर चालू झाला. तिथून दादा थेट हॉस्पिटलात. कॉलरबोन मोडलेलं, सहा आठवडे हात गळ्यात.

मी गप्प. एका बटणासाठी? हो, एका बटणासाठी. पुढच्याच महिन्यात लायसन्सची ऑर्डर निघाली. आणि सर्व्हर रूमची एक किल्ली सीलबंद पाकिटात वॉचमनच्या टेबलात आली.

मग २०२० चा मार्च उजाडला, लॉकडाऊन लागला. ऑफिसं ओस पडली आणि ज्यांच्याकडे हे पान होतं, त्यांचे सर्व्हर चालू राहिले. ‘‘माझ्या खांद्यामुळे कंपनीची सोय झाली,’’ दादा हसत म्हणाला. मावशी हसली नाही.

पानालाही मर्यादा

हे पान असलं की सगळं झालं, असं वाटत असेल तर जरा थांबा. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतोय? आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲप सगळं एकदम गेलं आणि जवळपास सहा तास गायब राहिलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने त्यांचं आतलं मुख्य नेटवर्कच तुटलं. अशा वेळेसाठी ठेवलेला आडवाटेचा रस्तासुद्धा बंद झाला. शेवटी इंजिनीअरना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष पाठवावं लागलं. एवढी मोठी कंपनी, पण अखेर माणूसच गेला!

१९ जुलै २०२४ तर ताजाच आहे. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने विंडोजची निळी स्क्रीन जगभर पसरली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन्स. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आठवतंय ना? उपाय साधा होता. सेफ मोडमध्ये जा, एक फाइल उडवा. पण मशीन सुरूच होत नसेल, तर घरून जाणार कसं? ज्या सर्व्हरना असं कन्सोल होतं, ते लोकांनी खुर्चीत बसून दुरुस्त केले. ज्या डेस्कटॉपना नव्हतं, तिथे एकेका टेबलाशी जावं लागलं.

चोरालाही घर सोपं

आणि एक भीती वेगळीच. जे पान दादाला बिछान्यातून सर्व्हर बंद करू देतं, ते दुसऱ्या कोणाला का नाही देणार?

डेलच्या आयड्रॅकचा कंपनीतून येणारा पासवर्ड वर्षानुवर्षं एकच होता. युजर ‘रूट’, पासवर्ड ‘केल्विन’. सुपरमायक्रोमध्ये दोन्हीकडे ‘ॲडमिन’. सगळ्या जगाला पाठ! एकाच पासवर्डची ही पद्धत थांबवणारा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून लागू झाला आणि सुपरमायक्रोने प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड द्यायला सुरुवात केली.

त्याआधी, २०१३ मध्ये, डॅन फार्मर या सुरक्षातज्ज्ञाने आयपीएमआयच्या त्रुटी जाहीरपणे मांडल्या होत्या. त्यातली एक तर कमालच आहे. तुमचं युजरनेम बरोबर असलं, की लॉगिन व्हायच्या आधीच सर्व्हर पासवर्डचा सांकेतिक ठसा हातात देतो. तो घरी नेऊन निवांत फोडत बसा! त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन सरकारच्या सायबर विभागानेही धोक्याचा इशारा दिला.

पुढची गंमत, म्हणजे गंमत कसली, लोचाच. आयएलओच्या चौथ्या आवृत्तीत एक भोक सापडलं. विनंतीच्या एका ठरावीक जागी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा पाठवायचं. झालं, पासवर्ड न विचारता दार उघडं! ऑगस्ट २०१७ मध्ये एचपीईने ते बुजवलं. तपशील २०१८ मध्ये बाहेर आला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये अनेक कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये असणाऱ्या एएमआयच्या बीएमसी सॉफ्टवेअरमध्ये अशीच चूक जाहीर झाली. धोक्याचे गुण १० पैकी १०.

दादाचा फंडा सोपा आहे. ‘‘हे पान इंटरनेटवर उघडं ठेवायचंच नाही. आधी व्हीपीएन, मग वेगळं नेटवर्क, मग पान. आणि फर्मवेअरचं अपडेट आलं, की आळस करायचा नाही. घराला सेफ्टी डोअर लावतो आणि बाथरूमची खिडकी उघडी ठेवतो, तसं व्हायला नको.’’

निळा दिवा

तीन वाजता पारा ३८. पंख्यांचे आकडे दुपटीच्या वर गेलेले. खोलीत आवाज नव्हता, पण ते आकडे बघूनच मला घरघर ऐकू यायला लागली.

दादाने आधी टेस्टिंगचे पाच सर्व्हर सभ्यपणे झोपवले. गरम करणारी तोंडं कमी! मग फोन लावला. ‘‘काका, झोपला नव्हतात ना? टेबलातलं पाकीट फोडा. हो, सीलवालं. सर्व्हर रूम उघडा.’’

फोन स्पीकरवर. दार उघडल्याबरोबर काकांचा आवाज, ‘‘बापरे, भट्टी झालीय साहेब!’’ तिथे दोन एसी आलटून पालटून चालतात, टायमरवर. टायमर अडकला होता. एक बंद झाला, दुसरा लागलाच नव्हता. ‘‘काका, भिंतीवर दुसऱ्या एसीचा स्विच आहे, तो हाताने दाबा.’’

दाबला. मी आणि दादा एकमेकांकडे बघतच राहिलो. सहा वर्षं, लायसन्स, कन्सोल, सगळं होऊन शेवटी एक बटण दाबायला माणूस लागलाच!

पारा उतरायला लागला. ३७, ३५, ३२. एक सर्व्हर मात्र ३६ वरच अडून बसला. नेमका पेरोलचा. दादाने पानावर एक छोटं बटण दाबलं. ‘‘काका, एका मशीनवर निळा दिवा लुकलुकतोय बघा. तिथे काही दिसतंय?’’ हा दिवा त्याचसाठी असतो, सारख्या दिसणाऱ्या डब्यांमधून नेमका एक ओळखायला.

‘‘साहेब, कोणीतरी पुढे खोका टेकवून ठेवलाय.’’

खोका! सेन्सरला ताप कळला होता, खोका कळला नव्हता. काकांनी तो उचलला. दहा मिनिटांत ३०. पेरोलचा रन पहाटे पाच वाजता संपला आणि फाइल तयार झाली.

मी दादाला सहज विचारलं, ‘‘याचा ओव्हरटाइम मिळतो?’’

‘‘पूर्वी मिळायचा. ऑफिसात गेलो की रजिस्टरवर सही व्हायची, पेट्रोलचं व्हाउचर, दुसऱ्या दिवशी सुट्टी. आता मी गेलोच कुठे? घरीच तर होतो.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या पानाने दादाचा प्रवास वाचवला, कदाचित दुसरा खांदाही वाचवला. पण प्रवासाबरोबर कामाचा पुरावाही पुसून टाकला. रजिस्टरवर सही नाही, म्हणजे जागरण नाही. बीएमसीच्या रोजनिशीत प्रत्येक पंख्याची मिनिटासह नोंद असते. दादाची कुठे असते? घरून काम करणाऱ्या तुम्हा-आम्हा सगळ्यांनाच हा प्रश्न लागू पडतो, नाही का?

मी म्हटलं, ‘‘मग तूच नोंद ठेव ना.’’ त्याने खांदे उडवले. पण सकाळी साडेआठला दात घासता घासता मी त्याच्या स्क्रीनवर चोरून पाहिलं. मॅनेजरला मेल लिहीत होता. सोबत सर्व्हरचा लॉग जोडला होता, सव्वादोनपासून पाचपर्यंतचा. खाली एकच ओळ: या वेळेत मी ड्यूटीवर होतो, आणि गेटवरचे वॉचमनही.

तुमच्या ऑफिसात विचारून बघा

- सर्व्हरचं रिमोट कन्सोल आहे का? आणि त्याचं लायसन्स घेतलंय, की कोटेशनमधून उडवलंय?
- ते पान थेट इंटरनेटवर उघडतं का? उघडत असेल, तर आजच बंद करायला सांगा.
- कंपनीतून आलेला पासवर्ड बदललाय का? बीएमसीचं फर्मवेअर शेवटचं कधी अपडेट झालं?
- मुख्य नेटवर्क पडलं, तर त्या पानापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता कुठला?
- रात्री दार उघडणारं जवळ कोण आहे आणि किल्ली कुठे आहे?
- घरून केलेल्या रात्रपाळीची नोंद कुठे होते?

त्या कंपनीत एक तारखेला पगार वेळेवर झाले. कोणालाच काही कळलं नाही. दादा म्हणतो, आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात. मेलचं उत्तर मात्र दोन दिवसांनी आलं. दादाला एक दिवसाची सुट्टी मंजूर. आणि वॉचमनकाकांना? त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. दादाने पुन्हा मेल टाकलाय.